वर बसणारीचा दम

चंद्रभागाने दोर ओढला तेव्हा विहिरीतलं पाणी नीट शांतसुद्धा झालं नव्हतं. रंगनाथच्या बुडीने उठलेल्या लाटा काठाच्या दगडाला लागून परत फिरत होत्या, तेवढ्यातच तिचा धरलेला दम सुटला. छातीवर कुणी गुडघा रोवून बसावं आणि तोंड आपोआप उघडावं, तसा सुटला. आणि नियम म्हणजे नियम. वर बसणारीचा दम सुटला की दोर ओढायचा. तिने दोन हिसके दिले.

रंगनाथ वर आला. एका हाताने पाइप धरून दुसऱ्या हाताने त्याने तोंडावरचं पाणी निपटलं, आणि बोलण्याइतपत झाल्याबरोबर भडकला.

“अगं, हात पण नव्हता लावला मी अजून. फुटबॉल दिसला फक्त, तेवढ्यात ओढलं तू.”

“घाबरले,” चंद्रभागा म्हणाली.

“छत्तीस वर्षं नाय घाबरली. आता काय झालं घाबरायला?”

बोलायला जो दम लागतो तो तिच्याकडे नव्हता. तोंडावर पदर धरून, ऊन लागल्यासारखं दाखवत, ती पदराआड भराभरा हवा ओढत बसली.

आता फुटबॉल म्हटल्यावर हसू नका. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या टोकाला जाळीची एक झडप असते. पाणी वर जाऊ देते, खाली येऊ देत नाही. तिचं दुकानातलं नाव फुटवॉल्व्ह. पण मखमलाबादच्या शिवारात कुणालाही विचारा, फुटबॉलच म्हणेल, आणि दुकानदारही मुकाट्याने तोच काढून देईल. तर या फुटबॉलच्या जाळीत मल्चिंगचा कागद अडकला होता. पलीकडच्या प्लॉटमधला काळा प्लास्टिकचा कागद वाऱ्याने उडून विहिरीत पडला आणि मोटारीने खाली ओढून घेतला. मोटर नुसती घुमत होती, पाण्याचा थेंब येत नव्हता.

आणि वेळ कुठली, तर दसरा पाच दिवसांवर. दीड एकर झेंडू कळीवर उभा. ऐन कळीत पाण्याचा ताण बसला की फूल शर्टाच्या बटणाएवढं राहतं, आणि तसलं फूल दसऱ्याच्या बाजारात कुणी हातात धरत नाही. त्यातून शेतीची लाइट या आठवड्यात दिवसाची होती. शुक्रवारपासून ती रात्रीवर जाणार, म्हणजे मोटर चालू करायची तर गुरुवारच्या आत. रंगनाथला धीर निघत नव्हता तो यामुळे.

तो पुन्हा खाली गेला. चंद्रभागाने पुन्हा दम धरला आणि तो पुन्हा तेवढ्यातच सुटला. या खेपेला वर आल्यावर रंगनाथने टॉवेल ओढून घेतला. पाण्याच्या वरच्या पायरीवर तिच्याकडे पाठ करून बसला आणि टॉवेल पिळत राहिला. एका टॉवेलात असं किती पाणी असतं? पण त्याचे खांदे वरखाली होत होते आणि हात टॉवेल पिळत होते. तो पाठमोरा आहे हेच चंद्रभागाला बरं वाटलं. तिला स्वतःचं लपवायचं होतं, त्याच्याकडे बघायला सवड कुठे होती?

ही दम धरायची पद्धत तिच्या सासूची, नवसाबाईची. रंगनाथचे वडील बुडी मारायचे तेव्हा नवसाबाई वर बसायची. चंद्रभागा लग्न होऊन आली त्याच वर्षी सासूने तिला काठावर बसवलं आणि दोर हातात दिला. म्हणाली, “मोजायचं नाय. भीती वाटली की आकडे पळतात, आणि ध्यान दुसरीकडं गेलं की रेंगाळतात. त्यानं डोकं पाण्यात घातलं की आपण दम धरायचा. आपला सुटला की ओढायचं. बाईचा दम बाप्यापेक्षा आखूड. म्हणून वर बाईच पाहिजे. आपला संपला तरी त्याचा थोडा शिल्लक असतो, त्यात तो वर येतो.”

आणि खाली जाणाऱ्यालाही एक नियम होता. दोर हलल्याशिवाय वर यायचं नाही. खाली गेल्यावर छाती लवकर घाबरते, उगाच घाई करते. तिचं ऐकायचं नाही, दोराचं ऐकायचं. रंगनाथने हे इतक्या वर्षांत मोडलं नव्हतं. आजूबाजूच्या मळ्यांतून फुटबॉल न लागणाऱ्या सबमर्सिबल मोटारी आल्या, विहिरींवर जाळ्या बसल्या, कालव्यापलीकडे बारा मजली इमारती उभ्या राहिल्या, पण यांच्या विहिरीवर वर्षातून दोनतीन वेळा हा कार्यक्रम व्हायचाच. रंगनाथ खाली, चंद्रभागा वर, आणि दोघांच्या मध्ये पंचवीस हात दोर.

या घरात श्वास हा शब्द कुणी वापरत नसे. श्वास डॉक्टरांचा, नाहीतर सकाळी टीव्हीवर मांडी घालून बसणाऱ्यांचा. मळ्यात सगळं दमावर चालायचं. घाई केली तर जरा दम काढ. वाफा एका दमात खुरपून हो. ऐकलं नाही तर दम दिला. भाजी शिळी असेल तर हिच्यात काय दम नाही. रंगनाथचे वडील गेले त्या दिवशी नवसाबाई एवढंच म्हणाली होती, “सोडला बाबा दम.” आणि शेखर जन्मला तेव्हा सुईण म्हणाली होती, “घेतला बरं का दम.” एवढ्याशा दोन अक्षरांवर या घराचं येणंजाणं चालू होतं, आणि चंद्रभागाच्या छातीतून तोच निघून चालला होता.

सुरुवात झाली संक्रांतीच्या आसपास. बसची पायरी चढली की आत बसल्यावर दोन स्टॉप जाईपर्यंत बोलता येईना. मग फुलांचं गाठोडं उचलताना. मग नुसतं वाकताना. जूनमध्ये ती कुणाला न सांगता पंचवटीत एका डॉक्टरकडे जाऊन आली. घरी सांगितलं, साळूमावशीकडे जाते. डॉक्टरांनी नळी दिली, म्हणाले जोरात फुंका. तिने फुंकलं. ते म्हणाले, आणखी जोरात. ती म्हणाली, हाच जोर हाय.

“श्वास कधीपासून लागतो?”

“श्वास नाय, दम लागतो.”

डॉक्टर हसले. फवारणी करताना तोंडाला काय बांधता, म्हणाले. पदर, ती म्हणाली. चूल किती वर्षं फुंकली, म्हणाले. तिने आकडा सांगितला, तो त्यांनी लिहूनसुद्धा घेतला नाही. तोंडात मारायचा पंप दिला, सकाळ-संध्याकाळ दोन वेळा, आणि धूळ-धुरापासून लांब राहा म्हणाले. मळ्यातल्या बाईला धुळीपासून लांब राहा म्हणणं सोपं असतं. पंप तिने नागलीच्या पिठाच्या डब्यात ठेवला, कारण नागलीच्या भाकरी एकटी तीच करायची. पहिल्या फवाऱ्याबरोबर पिठाचीही चव यायची.

लपवायचं कशाला, असं तुम्हाला वाटेल. दुखणं काय लपवायची गोष्ट आहे? पण चंद्रभागाला रंगनाथ पुरता माहीत होता. तिचा दम गेला हे कळलं असतं तर त्याने तिला दोरावर बसू दिलं नसतं, आणि स्वतः बुडी मारायची मात्र सोडली नसती. दोर काठावरच्या जांभळीला बांधून उतरला असता. लग्नाआधी एकदा तसा उतरलाही होता, आणि ती गोष्ट तो अजून फुशारकीने सांगायचा. जांभळीला काय दम असतो? जांभूळ काय ओढणार? जूनपासून तिला हीच भीती होती. दोर तिच्या हातात आहे तोवर माणूस तिच्या हातात आहे, असं तिचं सरळ गणित होतं.

संध्याकाळी शेखर सातपूरहून, कंपनीतून आला. सगळं ऐकून म्हणाला, “अण्णा, पुंजाकाकाला बोलवा ना. त्याच्याकडे तोंडाला लावायची नळी आहे, अर्धा तास खाली राहतो तो.”

“पुंजा घोटीला गेलाय, भातवाल्यांच्या विहिरींवर. शुक्रवारी येईल.”

“मग शुक्रवारी करू.”

“आणि झेंडूला काय सांगू? शुक्रवारपर्यंत दम काढ म्हणून?” रंगनाथ ताटावरून उठला. “अरे, पाच मिनिटांचं काम आहे. कागद हाताला लागतोय. तुझी आई तेवढी घाबरायला लागली, दुसरं काय नाय.”

“आई आणि घाबरते?” शेखरने आईकडे पाहिलं. ती भाकरी थापत होती. तिने वर बघितलं नाही.

“उद्या नाय घाबरणार,” ती म्हणाली.

म्हणाली खरी, पण भाकरीला दोनदा बोट लागून भोक पडलं. उद्या काय करायचं? आजच्यासारखं केलं तर कागद कधीच निघणार नाही आणि हा चिडून जांभळीकडे जाईल. खरं सांगितलं तरी जांभळीकडेच जाईल. मग तिला एक युक्ती सुचली. दम धरायचाच नाही. गुपचूप हवा घेत राहायची आणि आपला जुना, धडधाकट दम जेवढा होता तेवढं मोजून दोर ओढायचा. सासूने मोजू नको म्हणून सांगितलं होतं, पण सासूला दमा कुठे होता? प्रश्न एवढाच होता की जुना दम किती होता? तो कधी मोजलाच नव्हता.

तिने भांडी घासणाऱ्या हर्षालीला हाक मारली. सून छप्पर उडेल एवढ्या जोरात हसणारी, शहरात वाढलेली, पण कामाला वाघीण.

“हर्षाली, तू दम किती धरतेस गं?”

“म्हणजे, श्वास रोखून?”

“तेच.”

“आई, काय खूळ आहे हे?” पण तिने हात पुसले, मोबाईल काढला, गाल फुगवले आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली. सोडला तेव्हा बेचाळीस सेकंद झाले होते. “शाळेत असते तर पन्नास धरला असता,” ती म्हणाली. “तुम्हाला कशाला पाहिजे?”

“असंच,” चंद्रभागा म्हणाली. तरण्या बाईचा दम बेचाळीस. आपलाही तेवढाच असणार. तिने सावधगिरी म्हणून चाळीस धरले. मोबाईल काही तिला घेता येणार नव्हता, रंगनाथला लगेच संशय आला असता. म्हणून भाकरी थापता थापता ती हर्षालीच्या घड्याळाबरोबर मनात आकडे म्हणत राहिली, आकडा आणि सेकंद जुळेपर्यंत. रात्रभर तिला नीट झोप लागली नाही. कूस बदलली की आकडे सुरू व्हायचे.

बुधवारी आठला लाइट आली आणि तिघंजण विहिरीवर गेले. हर्षालीला रंगनाथने स्टार्टरजवळ उभं केलं. स्टार्टरची पत्र्याची पेटी विहिरीपासून पंधरावीस पावलांवर, शेडच्या खांबाला होती. “मी कागद काढून वर आलो की हात करतो. लगेच दाबायचं,” तो म्हणाला. कमरेला दोर बांधला. गाठ चंद्रभागाने ओढून पाहिली. तिने कमरेला खोचलेला पंपही चाचपून पाहिला. आज तो पिठातून काढून बरोबर आणला होता.

“आज घाबरायचं नाय,” तो म्हणाला. “आज मी काढल्याशिवाय येत नाय.”

“दोर हलला की यायचं,” ती म्हणाली.

“ते तर आहेच.”

त्याने छातीत हवा भरली आणि पाइप धरून खाली गेला. अडीच पुरुष खोल पाणी. त्याचं डोकं हिरवट झालं, मग पाठ, मग काहीच दिसेना. चंद्रभागाने पदर तोंडाला लावला आणि मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन.

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ती वर बसून हवा घेत होती, आणि चोरी केल्यासारखं वाटत होतं. खाली त्याला हवा नाही आणि आपण इथे बसून घेतोय. दहा. अकरा. दोराला बारीक धक्के येत होते, म्हणजे हात कामाला लागले होते. सोळा. सतरा. इथेच काल तिचा सुटला होता. आज तिच्याकडे भरपूर होता, ती ओढत नव्हती, काम होत होतं. बावीस. तेवीस. दोराचे धक्के थांबले.

थांबले म्हणजे? कागद निघाला असेल. मग वर का येत नाही? दोर हलल्याशिवाय यायचं नाही, म्हणून. मग हलवू का? पण नुसता थांबला असेल, दुसऱ्या बाजूने धरत असेल, आणि आपण ओढलं तर आज तिसऱ्यांदा, मग जांभूळ. अठ्ठावीस. एकोणतीस. आकडे पळतायत की रेंगाळतायत? तीस झाले की एकतीस? बेचाळीस हर्षालीचे होते, आपले कधी होते? तिच्या हातातला दोर सैल झाला. पाण्यावर चार बुडबुडे आले, मोठे, एकामागून एक.

तिने चाळीसची वाट पाहिली नाही. ओढलं. दोन हिसके, मग आणखी दोन. खालून काहीच जाब आला नाही. दोर जड लागला.

“हर्षाली,” तिने हाक मारली.

मारली असं तिला वाटलं. आवाज निघालाच नाही. छाती गच्च झाली, घशातून नुसती शिटी आली. पंधरा पावलांवर सून मोबाईलमध्ये डोकं घालून उभी होती, आणि चंद्रभागाला तिला हाक मारता येत नव्हती. दोर एका हाताला गुंडाळून तिने शेजारची स्टीलची कळशी उचलली आणि होती नव्हती ती ताकद लावून स्टार्टरकडे भिरकावली. कळशी पेटीपर्यंत पोचली नाही. मधल्या दगडावर आदळली आणि तिने सगळं शिवार दणाणलं.

हर्षालीने वर पाहिलं, सासूचा चेहरा पाहिला आणि धावत आली. दोघींनी मिळून ओढलं. पाण्यात माणूस हलका असतो म्हणून निभावलं. रंगनाथ वर आला तो तोंड उघडं टाकून, ओठ जांभळे, मुठीत काळ्या कागदाची चिंधी. हर्षाली कमरेइतक्या पाण्यात उतरली, त्याला पायरीवर ओढून घेतलं, कुशीवर केलं आणि पाठीत दणादण बुक्क्या घातल्या. पाणी आलं. खोकला आला. मग एकदाचा, गोठ्यातल्या म्हशीसारखा घोरत, त्याने दम घेतला.

चंद्रभागा वरच्या पायरीवर बसली होती. तिला रडायचं होतं, पण रडायलाही हवा लागते. तिने कमरेचा पंप काढला, त्याच्या डोळ्यांदेखत तोंडात धरला आणि दोनदा दाबला. रंगनाथ खोकता खोकता बघत राहिला.

“हे काय?”

“पंप.”

“कशाचा?”

“दम्याचा. जूनपासून हाय.”

मग तिने सगळं सांगितलं, तुटक तुटक, मध्ये थांबत. डॉक्टर, नळी, साळूमावशीची थाप, नागलीचं पीठ. आज दम धरलाच नव्हता, नुसतं मोजत होते, हेही सांगितलं. ते सांगताना तिची मान खाली गेली. “मी तुम्हाला मारलं असतं आज,” ती म्हणाली.

रंगनाथ मुठीतली चिंधी उलगडत राहिला. हर्षालीने मात्र दोघांनाही सोडलं नाही. सासऱ्याचं वय काढलं, सासूचं डोकं काढलं, तिथूनच शेखरला फोन लावला आणि बोलता बोलता जाऊन स्टार्टर दाबला. फुटबॉल मोकळा झाला होता. मोटारीने दोन गुळण्या टाकल्या आणि पाणी धरलं.

संध्याकाळपर्यंत झेंडूचे सगळे वाफे भिजले. रंगनाथ डॉक्टरकडे जाऊन छाती तपासून आला. शेखर अर्धी शिफ्ट टाकून आला होता, येतानाच सबमर्सिबलचं सांगून आला होता, आणि रंगनाथने हो की नाही काहीच म्हटलं नव्हतं. तो ओटीवर बसला, उठला, अंगणात फेरी मारून आला, पुन्हा बसला. चंद्रभागा लवकर उमललेल्या झेंडूची देठं खुडत होती. त्याचं हे उठणं-बसणं तिला सोसवेना.

“काय हाय ते बोला,” ती म्हणाली.

“हर्षाली, मोबाईल आण,” रंगनाथ म्हणाला. “काल आईला कसं मोजून दाखवलं तसं आमचं मोज. दोघांचं. बरोबर.”

“अण्णा, डॉक्टरांनी काय सांगितलं? आराम करा.”

“बसल्या जागीच आहे ना? एकदाच. मोज.”

हर्षालीने शेखरकडे पाहिलं. शेखरने खांदे उडवले. दोघं म्हातारे ओटीवर समोरासमोर बसले, तोंडं मिटली आणि मोजणी सुरू झाली. चंद्रभागाला हा सगळा पोरकटपणा वाटत होता, पण सवयीने तिने नजर त्याच्यावर ठेवली. दहापर्यंत दोघंही ठीक होते. चौदाला त्याच्या मानेची शीर फुगली. सोळाला त्याचा सुटला. फस्सकन, खोकल्यासकट. तिचा सुटला एकोणीसला.

हर्षालीने मोबाईल खाली ठेवला.

“सकाळी पाणी गेलंय छातीत, म्हणून,” चंद्रभागा म्हणाली.

“नाय.” रंगनाथ अंगणाकडे बघत होता. “गेल्या वर्षीपासून आहे. काल तू दोर ओढला ना, तेव्हा माझं संपलंच होतं. दोन्ही खेपांना. दोर हलला तेव्हा बरं वाटलं मला. म्हटलं, सुटलो. अन् वर येऊन तुझ्यावरच ओरडलो.”

चंद्रभागाच्या हातातलं फूल तसंच राहिलं. टॉवेल पिळणारी ती पाठ तिला आत्ता दिसली.

“आज तू ओढेना,” तो म्हणाला. “छाती फुटायला आली. मी म्हणलं, ती वर दम धरून बसलीय. बाईमाणूस. तिचा अजून आहे, मग आपला कसा संपेल? ही छातीच घाबरट झालीय. म्हणून राहिलो.”

तिला राग आला. इतका आला की तिने मांडीवरची सगळी देठं त्याच्या अंगावर फेकली.

“संपलं होतं तर काल ओरडलात कशाला?”

“ओरडण्यापुरता होता,” रंगनाथ म्हणाला.

हर्षाली तोंडावर हात ठेवून आत पळाली. शेखरने घसा साफ केला, सबमर्सिबलवाला उद्या सकाळी येतोय, म्हणाला. रंगनाथने मान हलवली. दोराचं काय करायचं ते कुणी विचारलं नाही, तो खुंटीवर होता तिथेच राहिला.

थोड्या वेळाने रंगनाथ आंघोळीला गेला. न्हाणीतून तांब्याचा आवाज येत होता, पाणी अंगावर पडत होतं. मग आवाज थांबला. चंद्रभागा देठं गोळा करत होती. तिचे हात थांबले, ओठ मिटले. तिचं तिलाही कळलं नाही, पण तिने दम धरला होता.

आत तांब्या बादलीवर आपटला. पाणी पडलं. तेव्हा कुठे तिने तो सोडला आणि उरलेली देठं सुपात भरली.